‘क्रँक वाकलाय’ म्हणून हाफ इंजिनचे पैसे घेतले, इंजिन उघडलंच नव्हतं

आमची गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. बाबा ती कोल्हापूर-इचलकरंजी रोज चालवतात. यंदा दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. सिग्नलला थांबलं की गाडी थरथरायची, आरपीएमचा काटा आठशेवरून सहाशेवर घसरायचा आणि परत चढायचा. आणि सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की पट्ट्याचा चिर्रऽ आवाज यायचा.

बाबांनी गाडी नेहमीच्या गॅरेजला नेली. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. त्या माणसाने बॉनेट उघडलं, टॉर्च मारली आणि क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याची, पुली दाखवली. याच पुलीवरून तो पट्टा फिरतो. ती खरोखरच डुलत होती, भोवरा पडायच्या आधी डुलतो तशी. “काका, क्रँक वाकलाय. म्हणूनच मिसिंग आहे, सिलिंडर नीट पेटत नाहीत. अशीच चालवलीत तर हायवेला ब्लॉक फुटेल.” डुलणारी पुली डोळ्यांसमोर होती, थरथर पायाखाली जाणवत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खोटं होतं ते त्या दोन्हींना एकत्र बांधणारं कारण, आणि सगळी फसवणूक त्या एका वाक्यावर उभी राहिली.

बिल झालं ७२ हजारांचं. हाफ इंजिन (म्हणजे इंजिन खोलून आतल्या भागांची दुरुस्ती), क्रँक ग्राइंडिंग (घासून सरळ, गुळगुळीत करणं), बेअरिंग सेट, नवी पुली, फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार), मजुरी. गाडी घरी आली तेव्हा शांत होती. महिनाही गेला नाही, तोच काटा पुन्हा नाचायला लागला, पट्टाही चिरकायला लागला. गॅरेजचं उत्तर: “आता हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलावं लागेल.”

तेव्हा मी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. लेथ, ग्राइंडिंग, फाउंड्री यांत पिढ्या गेलेली माणसं आहेत तिथे. ज्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी आधी गाडी चालू ठेवून फक्त पुलीकडे बघायला सांगितलं. “कडेला बघू नका, मधल्या बोल्टाला बघा.” मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. मधला बोल्ट आणि त्याभोवतीचा भाग एका जागी स्थिर फिरत होता. डुलत होती ती बाहेरची कडी.

हे समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. क्रँकची पुली बहुतेक गाड्यांत एकसंध नसते. आत क्रँकला बोल्टाने घट्ट केलेला हब, बाहेर पट्ट्याच्या खाचा असलेली जड कडी, आणि दोन्हींच्या मध्ये रबर. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला पीळ बसतो, तो झटका हे रबर आणि ती कडी मिळून शोषतात. उष्णतेने, वरून गळणाऱ्या ऑइलने रबर कडक होतं, भेगाळतं, सुटतं. मग कडी तिरकी होते, पुढेमागे सरकते, पट्ट्याची कड झिजवते. क्रँकला काहीही झालेलं नसतं.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून हबपासून रबरावरून कडीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली. गाडी चालू केली, थोडी रेस दिली, बंद केली. रेघ तुटली होती. हबवरचा तुकडा एकीकडे, कडीवरचा बोटभर पुढे. कडी रबरावर घसरत होती. पट्टा काढून पुली उतरवली, तर ‘नवी’ म्हणून पैसे घेतलेल्या त्या पुलीवर काळा स्प्रे मारलेला होता. रंग रबराच्या भेगांत उतरला होता, नखाने खरवडला की खालचा जुना गंज दिसत होता. एका बाजूला भेगेत चिकट गोंदासारखं काहीतरी भरलं होतं.

मग त्यांनी ब्लॉकला चुंबकाचा स्टँड लावला, डायल गेजचं (बारीकसं डुलणंही काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) टोक क्रँकच्या नाकावर, म्हणजे पुली बसते त्या पुढच्या टोकावर, टेकवलं आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. पूर्ण फेऱ्यात काटा जेमतेम थरथरला. “क्रँक सरळ हाय. कुणी सांगितलं वाकलाय म्हणून?” पुढचं ऑइल सीलही कोरडं होतं. नाक वाकलेलं असतं तर सीलही फार काळ कोरडं राहिलं नसतं.

तोवर मला वाटत होतं की निदान हाफ इंजिनचं काम तरी झालंय. मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली. इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा तेलकट मळ जसाच्या तसा बसलेला, एकाही डोक्यावर पान्याची चकाकी नाही. वर हेडच्या बोल्टांवर कंपनीतून आलेले रंगाचे ठिपकेसुद्धा अखंड. चेंबर न उतरवता बेअरिंग बदलता येत नाहीत आणि क्रँक इंजिनबाहेर काढल्याशिवाय ग्राइंड होत नाही. बिलातही बेअरिंगचा साइज लिहिलेला नव्हता. ग्राइंड केलेला क्रँक बारीक होतो, त्याला पाव मिलिमीटर किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग लागतात. साइज नसलेलं बेअरिंगचं बिल आणि ग्राइंडिंगवाल्याची चिठ्ठी नसलेलं ग्राइंडिंग, हे दोन्ही खोटं काम ओळखायला पुरेसं आहे. मला खरा राग आला तो इथे. बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून ते ७२ हजार गेले होते.

राहिली थरथर. तिचा पुलीशी काहीच संबंध नव्हता. काही गाड्यांत क्रँक सेन्सरचे दाते पुलीवरच असतात, तिथे पुली बिघडली की मिसिंग होऊ शकतं. आमच्या गाडीत ते फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाच्या जड चाकाकडे, आहेत. स्कॅनर लावला तर कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. स्लोवर, म्हणजे रेस न देता, गाडीचा कॉम्प्युटर जादा पेट्रोल देत होता, रेस दिली की आकडे जागेवर येत होते. अशी लक्षणं दिसली की कुठून तरी हवा आत ओढली जातेय का, हे आधी शोधायचं. इनटेकखालचा ब्रीदरचा (इंजिनमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप फाटला होता. त्यावर काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली सापडली. गाडी मधले काही दिवस शांत होती ती या टेपमुळे. ऑइल आणि उष्णतेने टेप सुटली आणि दुखणं परत आलं. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्यांना खरा दोष सापडला होता. त्यांनी तो लपवला.

ओरिजिनल पुली, तिचा नवा बोल्ट, पट्टा आणि पाइप मिळून मजुरीसह सात हजारांच्या आत काम झालं. काटा आता आठशेवर उभा आहे.

तुमच्या गाडीत असं काही दिसलं तर आधी एवढं पाहा की थरथरताना आरपीएमचा काटाही हलतोय का. काटा स्थिर आणि फक्त केबिन थरथरत असेल तर संशय आधी फाउंडेशनवर जातो. काटाच नाचत असेल तर हवा, प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी इकडे बघावं लागतं. पुली बघताना ओढणी, बाही, हात पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि खडूची रेघ इंजिन बंद असतानाच ओढा. कुणी क्रँक वाकल्याचं सांगितलं तर डायल गेज लावून दाखवायला सांगा. गेजचा फोटो दाखवायला टाळाटाळ केली तर गाडी तिथून काढा. आणि मधला बोल्टच डुलताना दिसला तर मात्र गाडी चालवू नका. बोल्ट ढिला होऊन पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजली असेल तर क्रँकचं खरंच नुकसान होतं.

जुने सुटे भाग परत हवेत, हे जॉबकार्डावर काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या. बाबांनी तोंडी सांगितलं होतं, त्यावर “भंगारात गेले” एवढंच उत्तर मिळालं.

आम्ही मिस्त्रींकडून लेखी अहवाल घेतला, बोल्टांचे आणि रंगवलेल्या पुलीचे फोटो जोडले आणि गॅरेजला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्यानंतर वीस हजार परत आले, सोबत ‘तडजोड झाली’ असं लिहिलेला कागद सहीसाठी आला. सही केलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. उरलेल्या रकमेसाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जातोय. तिथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. रंगवलेली पुली मी पिशवीत सील करून ठेवली आहे, ती आयोगापुढे ठेवणार आहे.