रोजच्या मननाची पुस्तकं: पणजीतलं सिस्टरांचं दुकान

मी बांबोळीला नर्स आहे. माहेर नगरचं, त्यामुळे बायबलमधलं वचन वाचायचं ते मराठीतूनच, ही लहानपणापासूनची सवय. पणजीत सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, चालवतात त्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानात पगार झाला की मी हमखास डोकावते. पुढे मेणबत्त्या, रोझरी, मूर्ती, पुस्तकं आत. चार पानं उभ्याने वाचली तरी कुणी हटकत नाही. उलट काउंटरवरच्या सिस्टर विचारतात, "कोणासाठी हवंय?" आजाऱ्यासाठी, दुःखातल्या घरासाठी की स्वतःसाठी, हे ऐकून त्या पुस्तक काढून देतात. असं विचारणारं दुसरं दुकान मला इथे भेटलेलं नाही.

रोजच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वाचनांवर मनन असलेली तारीखवार पुस्तकं तिथे भरपूर आहेत. ती त्या त्या वर्षापुरतीच, कारण ईस्टर दरवर्षी मागेपुढे होतो आणि रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. रोज मिस्साला जाणाऱ्यांना ती उत्तम. पण ज्यांच्या ड्युट्या फिरत्या, त्यांनी बिनतारखेचंच घ्यावं. चार दिवस चुकले तरी पुढचं पान तुमचंच असतं.

मी घेतलेलं पुस्तक बायबलमधल्या स्तोत्रांवरचं आहे, एप्रनच्या खिशात मावेल एवढं. वर अख्खं स्तोत्र, खाली दहा-बारा ओळी, शेवटी एका वाक्याची प्रार्थना. नुसतं एक वचन तोडून छापलेली पुस्तकं मी परत ठेवते. मागचापुढचा संदर्भ नसला की धीर टिकत नाही. १२१ वं स्तोत्र मी रात्री तीनच्या सुमारास वॉर्डात वाचलं, सलाइन बदलून झाल्यावर. त्यात म्हटलंय, इस्राएलचा राखणदार, म्हणजे देव, झोपत नाही, डुलकीही घेत नाही. खाली लेखकाने उपदेश केलेला नाही, एवढंच विचारलंय: तू जागी आहेस, पण तुझी राखण कोण करतंय? त्या रात्री मला तेवढंच हवं होतं.

बांधणी मात्र बघून घ्या. आपल्या पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते आणि डिंकाने चिकटवलेली पानं सुटतात. शिवलेली बांधणी टिकते.

खंत एकच, आणि ती मोठी आहे. माझं हे पुस्तक इंग्रजी आहे. स्तोत्र मी मोबाइलवर मराठीत उघडते आणि मनन इंग्रजीत वाचते. शेजारच्या मावशींकडे कोंकणीतलं 'दोर म्हयन्याची रोटी' येतं, १९१५ सालापासून निघणारं मासिक, आणि त्या ते शब्दन् शब्द वाचतात. मराठीसाठी दुकानात जेमतेम अर्धा कप्पा. याच गोव्यात १६१६ साली राचोलला फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत, पण जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचं! इथल्या मराठी वाचकाला रोज उघडायला एक पुस्तक मिळायलाच हवं.

तोवर बायबलमधली नीतिसूत्रं घ्या. अध्याय ३१ आहेत. जी तारीख, तो अध्याय. आणि दुकानात गेलात तर मराठी पुस्तकं आवर्जून मागा, सिस्टर वहीत लिहून घेतात. रेव्हरंड टिळकांच्या अभंगांसाठी मी माझं नाव घातलंय.