फळ्यांखालचे सिडनी : हाइड पार्क बॅरॅक्स संग्रहालय

सिडनीच्या मॅक्वारी स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला, सेंट जेम्स चर्चच्या समोर, विटांची एक तीनमजली इमारत उभी आहे. हद्दपारीची शिक्षा होऊन इंग्लंड-आयर्लंडमधून आणलेल्या पुरुष कैद्यांना रात्री एका छताखाली ठेवता यावे म्हणून गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी ती १८१७ ते १८१९ या काळात बांधवून घेतली. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील अशा अकरा स्थळांना मिळून युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, त्यांत हिचाही समावेश आहे. बहुतेक प्रवासी ‘कैद्यांची बराक’ म्हणूनच येथे येतात. मला मात्र हे संग्रहालय अविस्मरणीय वाटले ते येथे नंतर राहून गेलेल्या स्त्रियांमुळे, आणि त्यांची हकिगत जपून ठेवणाऱ्या उंदरांमुळे.

तरीही कैद्यांचा भाग टाळू नये. वास्तूचा रचनाकार फ्रान्सिस ग्रीनवे हा स्वतःच दस्तऐवजाच्या बनावटीबद्दल हद्दपार झालेला होता. पुढे १९६६ च्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा झळकला, हा विनोद त्या देशाने जाणूनबुजून केला की काय, कोण जाणे. वरच्या मजल्यावर कापडी झोळ्या पूर्वीप्रमाणे ओळीने टांगलेल्या आहेत. सुमारे सहाशे जणांसाठी बांधलेल्या या जागेत अनेकदा त्याच्या दुपटीहून अधिक माणसे कोंबली जात, ही गोष्ट वाचून जेवढी कळत नाही तेवढी त्या झोळ्यांमधील चिंचोळ्या फटींतून चालताना कळते. प्रवेश करताना मिळणारे श्राव्य-मार्गदर्शक यंत्र आपण ज्या दालनात असू तेथील निवेदन आपोआप सुरू करते. या कैद्यांच्या श्रमांतून रस्ते आणि वसाहती वाढत गेल्या आणि त्यासाठी गॅडिगल व इतर मूळ रहिवाशांची भूमी हिरावली गेली, हा संदर्भही २०२० मधील नव्या मांडणीत ठळकपणे आला आहे, आणि तो यायलाच हवा होता.

१८४८ मध्ये येथून कैदी गेले आणि इमारत एकट्याने स्थलांतर करून येणाऱ्या स्त्रियांचे उतरण्याचे ठिकाण बनली. आयर्लंडमधील दुष्काळात अनाथ झालेल्या मुली येथेच प्रथम आल्या आणि घरकामासाठी कोणी मालक येऊन निवडून नेईपर्यंत येथेच थांबल्या. १८६२ मध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर आजारी, वृद्ध आणि निराधार स्त्रियांचे आश्रमगृह सुरू झाले, ते १८८६ पर्यंत चालले. या दोन्ही विभागांची व्यवस्था दीर्घकाळ पाहणाऱ्या मेट्रन लूसी हिक्स आपल्या मुलाबाळांसह याच इमारतीत राहत. त्यानंतर येथे न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या आल्या.

या सर्व काळात जमिनीच्या फळ्यांना फटी होत्या. त्यांतून सुया, टाचण्या, गुंड्या, चिंध्या आणि कागदाचे कपटे खाली पडत गेले. उरलेले काम उंदरांनी केले आणि घरट्यांसाठी हाती येईल ते ओढून नेले. १९८०-८१ मध्ये उत्खनन झाले तेव्हा या परिसरातून एक लाखाहून अधिक वस्तू मिळाल्या, आणि त्यांतील फार मोठा वाटा फळ्या आणि छत यांच्यामधील पोकळीतला होता. शहरातील उत्खनन म्हणजे सहसा जुन्या विहिरी, शौचकूप आणि कचऱ्याचे खड्डे. तेथे चिनी माती, काच, हाडे टिकतात, पण कागद आणि कापड ओलीने कुजून जाते. येथील पोकळी कोरडी होती. त्यामुळे धार्मिक पत्रकांचे तुकडे, जपमाळेचे मणी, हाताने घातलेले टाके आणि मातीच्या चिलमी एकत्र पाहायला मिळतात.

हा विभाग पाहताना मी कानावरचे यंत्र काढून ठेवले, आणि इतरांनाही तसेच सुचवेन. निवेदन उत्तम आहे, पण या वस्तूंना शांतता अधिक मानवते. संस्थेच्या नोंदवह्यांत या बायका म्हणजे वय, दुखणे आणि दाखल झाल्याची तारीख एवढ्यापुरत्याच उरतात. फळीखालून मात्र समजते की त्या चिलीम ओढत, आपापली श्रद्धा सांभाळत आणि चिंध्यांतून काहीतरी शिवत बसत. यांतील किती वस्तू फटीतून निसटल्या आणि किती मुद्दाम दडवल्या, हा प्रश्न काचेपुढे उभे असताना सुटत नाही, आणि तो तसाच राहू दिला आहे हे मला आवडले.

एक मर्यादा लक्षात ठेवावी, आणि ती पुराव्याच्या स्वरूपातलीच आहे. फटीतून तेच पडते जे फटीत मावते. म्हणून येथे दिसणारे जीवन सुईच्या आणि गुंडीच्या मापाचे आहे. कुटुंबवत्सल घरांची ताटेवाट्या पाहायच्या असतील तर ‘द रॉक्स’ या जुन्या वस्तीतील कंबरलँड आणि ग्लॉस्टर रस्त्यांदरम्यानचे, १९९४ मध्ये उत्खनन झालेले स्थळ पाहावे. गलिच्छ म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या वस्तीत चिनी पोर्सेलिनची भांडीही सापडली आहेत. आज तेथील अवशेषांवर खांब रोवून त्यांवर प्रवासी-निवास बांधला आहे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात, मात्र बराकीसाठी निदान अडीच तास राखून ठेवावेत आणि झोळ्यांपाशीच ते संपवू नयेत.

बाहेर पडताना दक्षिणेकडील कुंपणभिंतीपाशी थांबावे. १९९९ मध्ये उभारलेल्या आयरिश दुष्काळाच्या स्मारकात एक टेबल भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले आहे, आणि काचेवर त्या मुलींपैकी काहींची नावे कोरली आहेत. आत पाहिलेल्या टाचण्यांपैकी एखादी यांतल्याच कोणाच्या हातून पडली असेल का, असा विचार करीत मी तेथे बराच वेळ नावे वाचत राहिलो.