चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया: दादरच्या एका नेत्र रुग्णालयाचा अनुभव

माझी मुलगी आणि माझा भाचा या दोघांच्याही डोळ्यांची तपासणी गेल्या हिवाळ्यात दादर पश्चिमेच्या एका खासगी नेत्र रुग्णालयात झाली. दोघांनाही चष्म्यातून सुटका हवी होती. मुलीची शस्त्रक्रिया तिथेच झाली. भाच्याला मात्र लेसर करू नये, असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. या रुग्णालयाविषयी माझे मत चांगले होण्यास तो नकारच मुख्यतः कारणीभूत आहे.

तपासणी अर्ध्या दिवसाची असते आणि ती तशीच असली पाहिजे. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना ती निदान दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार किंचित बदललेला असतो आणि त्या बदललेल्या आकारावर केलेले मोजमाप चुकते. मागच्या वर्षभरातले चष्म्याचे नंबर कागदोपत्री मागितले जातात. नंबर वाढता असेल तर शस्त्रक्रियेचा विचारच पुढे ढकलला जातो. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रूंचे प्रमाण पाहतात, कॉर्नियाची जाडी आणि पुढची-मागची दोन्ही वळणे मोजतात आणि शेवटी थेंब घालून, बाहुली मोठी करून दृष्टिपटलाच्या कडा तपासतात. मायनस नंबर जास्त असलेल्या डोळ्यांत या कडा पातळ झालेल्या असू शकतात. शस्त्रक्रियेने चष्मा गेला तरी दृष्टिपटलाला असलेला हा धोका जात नाही, त्यामुळे वर्षातून एकदा ही तपासणी पुढेही करून घ्यावी, हे आम्हाला तिथे आवर्जून सांगण्यात आले. थेंबांमुळे काही तास सगळे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. परतीला दादर स्थानकाच्या गर्दीत एकट्याने शिरण्यापेक्षा सोबत कोणीतरी न्यावे.

भाच्याचा नंबर मायनस आठ आणि कॉर्नियाची जाडी 490 मायक्रॉन. सर्वसाधारण डोळ्यात ही जाडी 540 मायक्रॉनच्या आसपास असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डॉक्टरांनी गणित कागदावर मांडून दाखवले. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा सुमारे 110 मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलावा लागतो, त्याखाली प्रत्येक नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन ऊती लेसरने काढावी लागते, आणि तळाशी निदान 250, शक्यतो 300 मायक्रॉन शिल्लक राहावे लागतात. भाच्याच्या बाबतीत ही शिल्लक 260 ते 285 मायक्रॉनच्या दरम्यान येत होती. त्यातच त्याच्या कॉर्नियाच्या नकाशात खालचा भाग वरच्यापेक्षा अधिक उंचावलेला दिसत होता. डोळे चोळण्याची सवय आहे का, घरात कोणाला केराटोकोनस आहे का, असे प्रश्न त्यांनी लगेच विचारले. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो, आणि अशा कमकुवत कॉर्नियावर लेसर केल्यास तो आणखी फुगत जाऊन चष्म्यानेही नीट दिसेनासे होण्याचा धोका असतो. त्यांनी काही महिन्यांनी नकाशा पुन्हा काढायला सांगितले आणि तो स्थिर राहिल्यास आयसीएलचा विचार करता येईल, असा सल्ला दिला.

आयसीएल म्हणजे डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवले जाणारे मऊ कृत्रिम भिंग. त्यात कॉर्निया झिजवावा लागत नाही आणि गरज पडल्यास भिंग काढताही येते, म्हणून मोठ्या नंबरांसाठी आणि पातळ कॉर्नियासाठी हा पर्याय पुढे येतो. मात्र ही डोळा उघडून केलेली शस्त्रक्रिया आहे. पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली असावी लागते, भिंग मोजून मागवावे लागते, आणि नंतर मोतीबिंदू लवकर होणे, डोळ्यातला दाब वाढणे किंवा कॉर्नियाच्या आतल्या पेशी कमी होणे यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. हे सगळे डॉक्टरांनी न विचारता सांगितले.

मुलीच्या बाबतीत कॉर्निया पुरेसा जाड होता, त्यामुळे पीआरके, लॅसिक आणि स्माइल हे तिन्ही मार्ग खुले होते. पहिल्या दोन्ही पद्धतींत एक्सायमर लेसर वापरतात. त्याचा 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण आजूबाजूची ऊती न भाजता अतिसूक्ष्म थर काढतो. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत 1981 मध्ये हा परिणाम ऊतीवर दाखवून दिला. प्रतीक्षालयात मशीनच्या कंपनीचे मोठे फलक आहेत, तिथे या नावाला जागा मिळायला हवी होती. पीआरकेमध्ये कॉर्नियावरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर करतात, त्यामुळे तीन-चार दिवस बऱ्यापैकी वेदना होतात आणि नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात, पण पापुद्राच नसल्यामुळे तो सरकण्याची भीती नसते. लॅसिकमध्ये दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसू लागते. स्माइलमध्ये फेमटोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती तयार करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. पापुद्रा नसतो आणि कॉर्नियाच्या नसा कमी तुटत असल्याने कोरडेपणा कमी राहतो. उलट बाजूही आहे. नंबर थोडा उरला तर दुसऱ्यांदा स्माइल करणे सोपे नसते, बहुधा पीआरकेच करावे लागते.

मुलीचे डोळे मुळातच थोडे कोरडे होते आणि तिला खेळाचीही आवड आहे, म्हणून तिने स्माइल निवडले. प्रत्यक्ष लेसर प्रत्येक डोळ्याला अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपला. पहिला दिवस धुक्यासारखा गेला, त्यानंतर नजर उघडत गेली. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसत, ती पुढे फिकट झाली. कोरडेपणासाठी अश्रूंचे थेंब मात्र काही महिने घालावे लागले. तिला हे आधी सांगितलेले असल्यामुळे ती घाबरली नाही. डोळ्यांत नळाचे पाणी जाऊ द्यायचे नाही, चोळायचे नाही आणि पोहणे काही आठवडे बंद, हे नियम पाळावेच लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात ते अवघड जाते, तेव्हा शक्य असेल त्यांनी कोरड्या ऋतूतली तारीख घ्यावी.

मी स्वतः चाळिशी ओलांडलेली असल्याने माझ्यासाठीही विचारणा केली. दूरचा नंबर घालवला तर वाचनाचा चष्मा तरीही लागणारच, आणि एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवायचा असेल तर तसे कॉन्टॅक्ट लेन्स लावून आधी काही दिवस राहून पाहा, असे उत्तर मिळाले. मी चष्मा ठेवला.

जिथे हे रुग्णालय कमी पडते ती जागा म्हणजे खालचा काउंटर. डॉक्टरांची खोली आणि समुपदेशकाचे टेबल या दोन ठिकाणी दोन वेगळ्या भाषा ऐकू येतात. तपासणीचा अहवाल हाती येण्याआधीच आम्हाला पॅकेजचे दरपत्रक दाखवले गेले आणि त्याच दिवशी नोंदणी केल्यास सवलत मिळेल असे सांगण्यात आले. डोळ्यांच्या निर्णयाला अशी मुदत घालणे मला अत्यंत अयोग्य वाटते. संमतीपत्र केवळ इंग्रजीत होते आणि ते शस्त्रक्रियेच्या सकाळी पुढे केले गेले. मराठी प्रत आदल्या भेटीत घरी द्यायला काहीच अडचण नसावी. स्माइलचा खर्च दोन्ही डोळ्यांचा मिळून लाखाच्या घरात गेला आणि भाच्याला सांगितलेला आयसीएलचा आकडा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात 7.5 पेक्षा कमी नंबरासाठीचा हा खर्च वगळलेला असतो, भाच्याचा नंबर त्याहून मोठा असल्यामुळे त्याने विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून ठेवली आहे.

रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसारख्या पदांची तयारी करणाऱ्या मुलांनी लेसर करण्याआधी भरतीचे वैद्यकीय निकष वाचावेत, कारण अशा पदांसाठी लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. शस्त्रक्रियेआधीच्या सर्व मोजमापांची प्रतही मागून घ्यावी. पुढे मोतीबिंदू झाला तर आतल्या भिंगाचा नंबर ठरवताना ती लागते, आणि लेसरनंतर कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, हे काचबिंदू तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यावरून कळते. आम्ही मागितल्यावर ही फाइल नकाशांसकट त्याच दिवशी मिळाली, शुल्क न घेता.