छोट्या डीपीवर पूर्ण फेरा: गळती कुठे थांबली, कुठे उरली

वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात शेतीपंपांसाठी १०० केव्हीएच्या (केव्हीए हे क्षमतेचं माप) मोठ्या डीपीऐवजी, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी, २५ केव्हीएचे छोटे डीपी बसले, कुठे १० किंवा १६ चेही. कागदावर याला उच्चदाब वितरण प्रणाली म्हणतात, बोलताना एचव्हीडीएस. राज्यात २०१८ पासून शेतीच्या नव्या जोडण्या या पद्धतीनं देण्याचं ठरलं. पुढे केंद्राची २०२१ ची आरडीएसएस (सुधारित वितरण क्षेत्र) योजना आली आणि वीजगळती कमी करायच्या कामांत फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईन) वेगळे करणं, एबी केबल (आवरण असलेल्या पिळलेल्या तारा), छोटे डीपी हे सगळं एका छत्राखाली आलं. हा अभिप्राय एका २५ केव्हीए डीपीवर चालणाऱ्या पाच एचपीच्या चार पंपांचा आहे. उन्हाळा, पावसाळा, ऊसतोड असा एक फेरा पूर्ण झाल्यानंतरचा.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड कापला तो डीपीच्या खालच्या पाच फुटांतल्या कामामुळे. त्यावर पुढे सविस्तर.

आधी फायदा, कारण तो खरा आहे. पाच एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. जुन्या पद्धतीत एका मोठ्या डीपीवरून लघुदाबाच्या उघड्या तारा किलोमीटरभर बांधाबांधानं जायच्या. शेवटाला असे आठ पंप धरा: ६० अँपिअर. ‘रॅबिट’ जातीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ०.५५ ओहम. तोटा प्रवाहाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तीन तारांत मिळून जवळजवळ ६ किलोवॅट नुसते तार तापवण्यात जातात. पंप रांगेत विखुरलेले असतील तर हा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तरीही दोन किलोवॅट कमी नाहीत. तेवढीच वीज त्याच तारेवरून ११ केव्हीनं (११ हजार व्होल्टनं) आणली तर प्रवाह २.४ अँपिअरच्या आत राहतो आणि किलोमीटरमागे तोटा दहा वॅटसुद्धा भरत नाही. म्हणून ११ केव्हीची लाईन थेट शेतात आणायची, छोटा डीपी विहिरीजवळ उभा करायचा आणि लघुदाबाची तार जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवायची.

छोट्या डीपीचा लोखंडी गाभाही थोडी वीज खातो. भार नसतानाही २५ केव्हीएला चाळीस-पन्नास वॅट लागतात. पण शेतीला थ्री फेज आठ तासांच्या पाळीनंच मिळते, त्यामुळे वाचलेल्या विजेपुढे हे किरकोळ आहे.

आता कोणी म्हणेल, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, मग लाईनमधल्या तोट्याचं आपल्याला काय? तोटा म्हणजेच व्होल्टेजची घट. मघाच्याच हिशेबात लाईनच्या शेवटाला ४१५ चे साडेतीनशेच्या घरात उरतात. मोटरला तेवढंच पाणी उपसायचं असतं, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग तापतं. बिल शून्य असलं तरी रिवाइंडिंगचे पैसे आपल्याच खिशातले. छोट्या डीपीखाली स्टार्टरवर ४०० च्या आसपास व्होल्टेज टिकतं आणि मोटर जळण्याचं प्रमाण उतरतं. वापरणाऱ्याला कळणारा फायदा हाच. दुसरा फायदा चोरीच्या आकड्याचा: ११ केव्हीवर आकडा टाकायची कुणाची छाती होत नाही.

आता ते पाच फूट.

पहिली जागा म्हणजे डीपीच्या बुशिंगवरचा, म्हणजे वीज टाकीबाहेर येते त्या तोंडावरचा, जोड. बुशिंगचा खिळा पितळी किंवा तांब्याचा, खालची केबल ॲल्युमिनियमची. घाईत काम करणारा केबलची तार खिळ्याला तशीच गुंडाळतो आणि वरून नट आवळतो. दोन वेगळे धातू, त्यात ओल, आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं. काही महिन्यांत जोड ढिला पडतो, तापतो, बुशिंगचं रबर कडक होतं आणि तिथून तेल पाझरायला लागतं. तेल बाहेर येतं त्या वाटेनं ओल आत जाते. पुढे डीपी जळाला की कारण ‘ओव्हरलोड’ लिहिलं जातं. खरं म्हणजे बायमेटल लग (तांबं आणि ॲल्युमिनियम जोडणारं टोक) प्रेसनं दाबून बसवला, फ्लॅट आणि स्प्रिंग वॉशर टाकला, तर हा आजार होतच नाही. जमिनीवरून ओळखायचं ते असं: बुशिंगखाली तेलाचा काळा ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ, आणि रात्री पूर्ण भारावर जोडाजवळ लालसर चमक. यातलं काही दिसलं तर वायरमनला बोलवा, स्वतः खांबावर चढू नका. खालचा स्विच पाडला तरी वर ११ केव्ही जिवंतच असते.

दुसरी जागा किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसते ती बैठक. २५ केव्हीएचा पूर्ण भार ३३ अँपिअर. फ्यूज उडाली की आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: जुन्या तारेची एक काडी घ्यायची आणि ठोकून द्यायची. रॅबिट तारेची एक काडी ३.३५ मिलिमीटर जाडीची असते, ती वितळायला तीनशेहून जास्त अँपिअर लागतात. म्हणजे फ्यूज नावालाच उरते आणि तिच्या जागी डीपीचं वाइंडिंग जळतं. मोठ्या डीपीवर हे चालून जायचं, कारण त्याच्या पोटात जागा होती. छोटा डीपी हा अपमान सहन करत नाही. योग्य मापाच्या कल्हईच्या तांब्याच्या तारेचं बंडल पेटीत ठेवा, सगळं त्यातच आलं.

तिसरी जागा कपॅसिटर, म्हणजे मोटर लाईनमधून ओढते तो प्रवाह कमी करणारं डबडं. लाईनच्या कामाला लाखो रुपये लागतात आणि हे डबडं बहुतेक पेट्यांत एकतर नसतं, नाहीतर मेलेलं असतं. पाच एचपीला २ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), साडेसातला ३, दहाला ४. पाच एचपीच्या मोटरचा प्रवाह यानं साडेसातवरून सव्वासहावर येतो आणि तारेतला तोटा जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. जोड स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला द्यायचा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही बंद. ओव्हरलोड रिलेच्या पुढे जोडलात तर रिलेमधून जाणारा प्रवाह कमी होतो, तेव्हा रिलेचं सेटिंगही त्या प्रमाणात खाली घ्या. नाहीतर मोटर खरंच तापली तरी रिले गप्प बसेल. जिवंत आहे की मेला, हे क्लॅम्प मीटर सांगतो. २ केव्हीएआरच्या प्रत्येक तारेत पावणेतीन अँपिअर दिसायला हवेत. दोनच्या खाली आले की बदला. हात लावण्याआधी वीज बंद करून मिनिटभर थांबा, कारण त्यात वीज साठलेली असते.

ऑटो स्विच, म्हणजे वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा, हे वेगळंच दुखणं. सुरू होताना मोटर सहापट प्रवाह ओढते. पाळीची वीज आली की चारही मोटरी एका क्षणी उठतात: १८० अँपिअर, आणि डीपी ३३ चा. व्होल्टेज कोसळतं, एकही मोटर धड उचलत नाही, सगळ्या घुमत राहतात आणि वर डीओ (११ केव्हीकडची फ्यूज) पडतो. मग वायरमन येईपर्यंत पाणी बंद. उपाय स्वस्त आहे: वेळ लावता येणारा ऑटो घ्या आणि चौघांनी मिळून २०, ४०, ६०, ८० सेकंद असे टप्पे लावा. चौघांचं एकमत घडवणं हा भाग विद्युतशास्त्राच्या बाहेरचा.

भाराचं गणितही इथं बेताचंच आहे. पाच एचपीचे चार पंप म्हणजे २२ केव्हीएच्या आसपास. पाचवा आला किंवा एकानं गुपचूप साडेसातची मोटर उतरवली की शिल्लक संपली. त्याहून वाईट म्हणजे थ्री फेज गेल्यावर कंडेन्सर लावून सिंगल फेजवर मोटर ओढणं. सगळा भार एकाच फेजवर पडतो आणि छोट्या डीपीचा तो एक लिंब (त्या फेजचं वाइंडिंग असलेला गाभ्याचा पाय) काही आठवड्यांत काळा होतो. चौघांत एकानं केलं तरी भोगतात चौघं. मोठ्या डीपीवर चोर सापडत नव्हता; इथं चारच जण आहेत, लगेच कळतं. योजनेचा हा गुण कुठल्या कागदावर लिहिलेला नाही.

अर्थिंगवर कंत्राटदाराचं लक्ष सगळ्यात कमी असतं, कारण ते मातीखाली जातं. न्यूट्रल, डीपीची बॉडी आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) यांचे खड्डे वेगवेगळे हवेत. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि रॉडला सोडते, नेमका तेव्हाच वळीव गडगडत येतो. खड्ड्यात दर महिन्याला दोन घागरी पाणी ओतणं एवढंच आपल्या हातात आहे. न्यूट्रल तुटली तर मोटरला फरक पडत नाही, पण डीपीवरून दिवा-पंखा चालणाऱ्या वस्तीत २३० च्या जागी कितीही व्होल्टेज येऊ शकतं.

शेतात ११ केव्ही आली म्हणजे धोकाही शेतात आला. उघड्या तारेखाली जमिनीपासून किमान ४.६ मीटर, रस्ता ओलांडताना ६.१ मीटर अंतर लागतं. उसानं भरलेली ट्रॉली बांधावरून जाते तिथं हे एकदा बांबूनं नव्हे, लांबून नजरेनं तपासा. तारेखाली पाचट पेटवू नका; आचेनं तार मऊ पडते आणि झोळ वाढतो. तासगावकडे द्राक्षाचा मांडव ११ केव्हीखाली असेल तर तार तुटल्यावर सगळा मांडव जिवंत होऊ शकतो. तिथं लाईन बांधाकडेनं वळवून मागणं हेच शहाणपण.

फीडर वेगळा करण्याबद्दल थोडक्यात. गावठाणाला चोवीस तास वीज आणि शेतीला पाळी, हे गावठाणासाठी उत्तम. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यांची गोची झाली. सांगली-साताऱ्यात अशी घरं ढीगभर. आरडीएसएस योजनेला मात्र या वेगळेपणाची गरज होती. १०० युनिट सोडले, ८५ चं बिल झालं आणि त्यातले ९० टक्के पैसे आले, तर हातात ७६.५ उरले आणि गळती २३.५ टक्के. मीटर नसलेल्या पंपांचा वापर एचपीवरून अंदाजानं धरला की चोरी आणि तोटा त्या अंदाजात सहज लपतो. वेगळ्या फीडरला उपकेंद्रात मीटर लागला की लपायला जागा कमी होते. ३,०३,७५८ कोटींच्या या योजनेत केंद्राचा वाटा ९७,६३१ कोटींचा आणि देशपातळीवर लक्ष्य १२ ते १५ टक्के गळतीचं. आपल्यासारख्या राज्याला गळतीच्या कामांसाठी ६० टक्के अनुदान आहे, तेही निकाल दाखवल्यावर. निकाल मोजला जातो तो फीडरवर. किटकॅटमधली काडी तिथून कुणाला दिसत नाही.

डीपी जळालाच तर ग्रामीण भागात बदलून मिळण्याची मुदत ४८ तासांची आहे. घड्याळ सुरू होतं ते तक्रार नोंदल्यापासून, वायरमनला तोंडी सांगितल्यापासून नव्हे. १९१२ वर फोन करून खांबावर रंगवलेला डीटीसी कोड (डीपीचा क्रमांक) आणि ग्राहक क्रमांक द्या, तक्रार क्रमांक लिहून घ्या. हा कोड पाऊस-उन्हानं पुसला जातो, म्हणून आत्ताच त्याचा फोटो काढून चौघांच्या फोनमध्ये ठेवा.