खिशातला इको प्रोब: अरेस्टनंतर तो कुठवर पुरतो?

फोनला किंवा टॅबलेटला जोडून चालणारा हातातला इको प्रोब (हृदयाची सोनोग्राफी करणारं यंत्र) आता बऱ्याच आयसीयूंत दिसतो. हा रिव्ह्यू एकाच कामापुरता आहे. कार्डियाक अरेस्टनंतर, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यावर, ते परत सुरू झालंय, पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, बीपी डगमगतंय. अशा वेळी या प्रोबवर किती विसंबायचं? ‘आहे की नाही’ छापाच्या प्रश्नांना तो चोख उत्तर देतो, आकडे मागितले की अडखळतो.

सुरुवात सबकॉस्टल व्ह्यूने (बरगड्यांखालून वर बघून) करावी, कारण शॉकचा एक पॅड बहुतेक वेळा एपेक्सच्या (हृदयाच्या टोकाच्या) खिडकीवरच चिकटवलेला असतो. प्रोब झिफॉइडखाली (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाखाली) जवळजवळ आडवा धरायचा, डेप्थ 16 ते 20 सेंमी ठेवायची. बॅगने श्वास देताना पोटात हवा भरली असेल तर स्क्रीनवर नुसता राखाडी पडदा दिसतो. मग प्रोब जरा उजवीकडे सरकवून लिव्हरमधून बघावं, आणि राईल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) हवा काढून घ्यावी.

हृदयाभोवती पाणी, डाव्या व्हेंट्रिकलचं (हृदयाच्या खालच्या कप्प्याचं) एकूण पंपिंग, न हलणारी एखादी भिंत: एवढं हा प्रोब नीट दाखवतो. ओपन हार्ट सर्जरीनंतरचा मागच्या बाजूचा क्लॉट मात्र त्याला चकवतो. तिथे अन्ननलिकेतून केलेला इकोच हवा. आणि उजवं व्हेंट्रिकल फुगलेलं दिसलं की लगेच पल्मोनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेला क्लॉट) म्हणू नये. अरेस्ट कशानेही आला तरी ते फुगू शकतं. पायाच्या शिरा दाबून क्लॉट सापडतो का, हे सोबत बघितलं तर त्या चित्राला काही अर्थ.

आता आकड्यांचं. हृदय किती रक्त बाहेर टाकतंय हे काढायला पल्स्ड वेव्ह डॉप्लर (एका ठरावीक जागी रक्ताचा वेग मोजणारी सोय) लागतो, आणि तो प्रत्येक खिशातल्या प्रोबमध्ये नसतो. नुसता कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा) असेल तर व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती सेंमी पुढे सरकतं तो आकडा) विसरा. पल्स्ड वेव्ह डॉप्लर असेल तर गेट (वेग मोजायच्या जागेची खूण) एऑर्टिक झडपेच्या जेमतेम खाली, रक्तप्रवाहाशी कोन 20 अंशांच्या आत. व्हीटीआय साधारण 18 ते 22 सेंमी नॉर्मल धरतात. आउटफ्लोचा (रक्त डाव्या व्हेंट्रिकलमधून बाहेर पडायच्या वाटेचा) व्यास 2 सेंमी आणि व्हीटीआय 18 असेल तर एका ठोक्याला सुमारे 56 मिली. तोच व्यास चुकून 1.8 मोजला की उत्तर 46 वर येतं. 2 मिमीच्या चुकीत जवळपास पाचवा हिस्सा गेला! म्हणून व्यास एकदाच मोजावा आणि पुढे फक्त व्हीटीआयची चढउतार बघावी.

ऑटो-ईएफचं बटण (ईएफ, म्हणजे दर ठोक्याला व्हेंट्रिकलमधलं किती टक्के रक्त बाहेर जातं ते, आपोआप काढणारं) मोहात पाडतं. एपेक्स कापला गेलेल्या व्ह्यूवर ते ईएफ खुशाल वाढवून सांगतं. बऱ्याच प्रोबमध्ये ईसीजीची रेघही नसते, त्यामुळे एएफमध्ये (ठोके अनियमित पडतात तेव्हा) कुठला ठोका मोजला हेच कळत नाही.

पहिल्या दहा मिनिटांतलं चित्र तर आणखी फसवं. ॲड्रिनलिनचा डोस अंगात असतो, हृदय जोरात पळताना दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. अरेस्टनंतरचं खरं मंदावणं पुढच्या काही तासांत दिसायला लागतं आणि बरेचदा 48 ते 72 तासांत सावरतं. त्यामुळे तासाभराने, सहा ते आठ तासांनी आणि मग रोज पुन्हा बघावं. प्रत्येक नोंदीत औषधांचा डोस लिहावा.

सीपीआर चालू असताना हाच प्रोब वेळखाऊ ठरू शकतो. 2017च्या एका अभ्यासात पल्स चेकचा थांबा (नाडी बघायला छाती दाबणं थांबवायचा वेळ) सरासरी 13 सेकंदांवरून 21 वर गेला होता. उपाय सोपा: कंप्रेशन (छाती दाबणं) चालू असतानाच व्ह्यू पकडून ठेवायचा, थांबा आला की सहा सेकंदांची क्लिप रेकॉर्ड करायची आणि कंप्रेशन पुन्हा सुरू झाल्यावर ती बघायची. सेकंद मोठ्याने मोजायला वेगळा माणूस हवा. टीम लीडरने प्रोब हातात घेऊच नये.

हार्डवेअरची तक्रार मुख्यतः गरम होण्याची. सलग स्कॅन केला की बरेच प्रोब तापून आपणहून बंद पडतात, त्यामुळे दोन व्ह्यूंच्या मध्ये फ्रीझ दाबायची सवय लावावी. पुसायला कुठलं जंतुनाशक चालतं ते कंपनीच्या यादीत बघा. चुकीच्या द्रवाने पुढचं मऊ आवरण खराब होतं. आणि जेल पॅडच्या कडेपर्यंत पसरलं असेल तर पुढच्या शॉकआधी कोरड्या गॉजने पुसून काढा, नाहीतर ठिणगी उडू शकते.