वॉशिंग मशीन घेताय? ड्रमच्या आधीचं आणि नंतरचं कामही तपासा

घरात चार माणसं आणि नळाला महापालिकेचं पाणी, तर सात किलोचं टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक मशीन पुरतं. फ्रंट लोड कपडे जास्त स्वच्छ काढतं, पाणी जवळजवळ निम्मं घेतं, पण महाग असतं आणि दर वेळी वाकायला लावतं. सेमी ऑटोमॅटिकला आम्ही काम वाचवणारं मशीन म्हणणारच नाही. ते धूत असताना कोणीतरी बाजूला उभं राहून पाणी भरायचं, सोडायचं आणि दुप्पट जड झालेले ओले कपडे पिळायच्या टबात उचलून टाकायचे, म्हणजे ते माणसाला बांधूनच ठेवतं. चाळीत तासभर पाणी येतं, ड्रम-बादल्या भरून ठेवाव्या लागतात, तिथे ते घ्यावं लागतं हे खरं.

तिन्ही प्रकार पाहताना आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारला: मशीन आल्यावर कपड्यांचं काम कोणाच्या अंगावरून उतरतं आणि कोणाच्या अंगावर राहतं?

घरभर पडलेले कपडे गोळा करायचे, खिसे तपासायचे, पांढरे-रंगीत वेगळे करायचे, कॉलरला साबण घासायचा, जीन्स उलटी करायची, पावडर मोजून टाकायची. हे मशीन लावण्याआधीचं. नंतर कपडे काढून झटकायचे, दोरीवर घालायचे, वाळले की काढायचे, घड्या करायच्या, इस्त्रीचे बाजूला काढायचे आणि ज्याचे त्याच्या कपाटात ठेवायचे. मशीन या दोन्हींच्या मधलं फक्त धुणं, खळबळणं आणि पिळणं करतं. एका लोडला साधारण तास लागतो आणि त्या तासात माणसाची गरज नसते. पण आधीची दहा मिनिटं, दोरीची पंधरा, घड्यांची वीस असा पाऊण तास मशीन आल्यावरही शिल्लक असतो. ‘आता मशीन आहे, तुला काय काम?’ असं म्हणणारा हाच पाऊण तास मोजत नाही. ज्या घरात बाई कामाला येते, तिथे तो बऱ्याचदा तिच्याकडे जातो. ‘धुणं’ सुटलं म्हणून तिचे पैसे कमी होतात, वाळत घालणं मात्र तिच्याकडेच राहतं.

केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. हे ९७ सुद्धा ज्यांनी त्या दिवशी काही घरकाम केलं त्यांचेच. तसे पुरुष जेमतेम २६ टक्के होते, बायका ८१ टक्के. २०२४ साली तेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांची नऊ. फरक २०२ मिनिटांचा होता, तो २०१ झाला. जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईत गृहिणीच्या कामाचं मोल धरलं, तेव्हा निकालपत्रात २९९ आणि ९७ हेच आकडे आले होते.

पुरुषाच्या हाताला हे काम जमत नाही, असं निदान मुंबईत तरी कोणी म्हणू नये. महालक्ष्मी स्टेशनशेजारच्या पुलावरून खाली धोबीघाटाकडे बघा. हौदाशी उभे राहून दगडावर कपडे आपटणारे, चादरी पिळणारे, चिमट्याशिवाय दोरीच्या पिळात कपडा अडकवणारे बहुतेक हात पुरुषांचे आहेत. नाक्यावरचा इस्त्रीवालाही पुरुषच. पैसे मिळतात तिथे हे कसबाचं काम ठरतं, घरात फुकट करायचं झालं की बायकी. हात तेच, साबण तोच. आमच्या मते या असमानतेचं मूळ इथे आहे, आणि ते काढल्याशिवाय कितीही महाग मशीन आणलं तरी काम वाटलं जात नाही.

ते सर्वांत स्पष्ट दिसतं गॅलरीत. बटण दाबायला पुरुष तयार होतात, कारण ते दाराआड असतं. ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीच्या दोरीशी उभं राहायचं म्हटलं की पाय अडतो. समोरच्या बिल्डिंगमधून, शेजारच्या खोलीतून लोक बघतात. ‘काय, आज बायको माहेरी गेली वाटतं?’ असं कोणीतरी विचारतं. ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ हा शब्द अशा वेळी हसत हसत वापरला जातो आणि तो काम करतो: दुसऱ्या दिवशी माणूस बादलीला हात लावत नाही. घरातली आईही पुढे होते, ‘तू कशाला, दे इकडे.’ तिला मुलाची काळजी असते, पण सून तीच बादली उचलते तेव्हा असं कोणी म्हणत नाही. म्हणून वाटणी करायची तर मशीन लावण्याची करू नका. दोरीची करा.

तीच दोरी जरा जवळून पाहिली तर आणखी काही दिसतं. बनियन आणि पुरुषांच्या चड्ड्या बाहेरच्या, उन्हाच्या दोरीवर मोकळ्या असतात. बायकांच्या ब्रा आणि चड्ड्या आतल्या दोरीवर, टॉवेलखाली किंवा ओढणीखाली. जुलै-ऑगस्टमध्ये तसे झाकलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. दमट कपडा अंगात घातला की जांघेत खाज येऊ शकते, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उपाय मशीनमध्येच आहे: आतले कपडे जाळीच्या पिशवीत घालून फिरवा, शेवटी एक जादा स्पिन द्या आणि मोकळे, उघडे वाळत घाला. ऊन नसेल तर पंख्याखाली. ब्रा दोरीवर दिसली म्हणून कुणाची अब्रू जात नाही, हे घरातल्या पुरुषाने एकदा ठामपणे म्हटलं तरी टॉवेल निघतो.

आता खरेदीकडे. दुकानात जोडपं गेलं की विक्रेता मोटर, वॉरंटी आणि हप्ते नवऱ्याला समजावतो. डाग आणि ‘साडी’ प्रोग्रॅमचं बोलताना मान बायकोकडे वळवतो. मशीन घरी बसवायला येणारा तंत्रज्ञ तर ‘मॅडमना बोलवा, डेमो द्यायचाय’ असंच म्हणतो. तो डेमो पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि एकदाच मिळतो. ज्याने पाहिला नाही त्याच्याकडे ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हे कायमचं कारण तयार होतं. बाइकचा कार्ब्युरेटर साफ करणाऱ्याला आठ बटणं कळत नाहीत, हे आम्हाला पटत नाही. डेमो रविवारी लावून घ्या आणि तरुण मुलांसकट सगळ्यांना समोर बसवा.

बसवण्याआधी मोरीचं किंवा बाथरूमचं दार मोजा. फ्रंट लोड साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतं, टॉप लोड थोडं कमी. जुन्या इमारतीतल्या दोन फुटी दारात फ्रंट लोड अडकतं. बऱ्याच फुल्ली ऑटोमॅटिक मशिनांना नळाला किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळाच्या तीन मीटर तरी वर हवी. वरच्या मजल्यावर तेवढा मिळत नाही, मशीन भरतच राहतं आणि एरर दाखवून थांबतं. छोटा प्रेशर पंप बसवला की प्रश्न सुटतो. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले फ्रंट लोडचे मागचे ट्रान्झिट बोल्ट काढले नाहीत तर पहिल्याच स्पिनला मशीन नाचतं. त्याचा ड्रेन पाइप जमिनीवर सोडला की भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं. तो ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर अडकवा. हीटर असेल तर १६ अँपिअरचाच सॉकेट हवा.

पाणी पहाटे येत असेल तर रात्री डिले स्टार्ट (ठरवलेल्या वेळी मशीन आपोआप सुरू होण्याची सोय) लावून नळ उघडा ठेवा. त्यासाठी घरातल्या बाईने चारला उठायची गरज नाही. जो रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत जागतो, त्याने बटण दाबावं. धुऊन झाल्यावर कपडे दोन तासांत बाहेर काढा, पावसाळ्यात त्याहून लवकर, नाहीतर कुबट वास बसतो.

तलावांतून येणारं मुंबईचं पाणी मऊ आहे. पाकिटावरच्या मापाच्या निम्म्या पावडरीने सुरुवात करा. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे, शेवटच्या खळबळीतही फेस, ही पावडर जास्त झाल्याची खूण. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर मात्र पूर्ण माप टाका आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन डिस्केलर (साठलेले क्षार काढणारी पावडर) घालून फिरवा.

पहिल्या महिन्यात एक चूक जवळजवळ ठरलेली असते: नवा लाल कुर्ता मुलाच्या पांढऱ्या युनिफॉर्मबरोबर जातो. सगळं गुलाबी होतं, ‘राहू दे, मीच करते’ म्हटलं जातं आणि माणूस कायमचा सुटतो. काम परत घेऊ नका, चूक निस्तरायला त्यालाच लावा. कपडे वाळू न देता, ओले असतानाच लाल कपडा बाजूला काढायचा, पांढरे सुती कपडे ऑक्सिजन ब्लीच घातलेल्या कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवायचे आणि पुन्हा धुवायचे. बहुतेक रंग निघतो. एकदा निस्तरलं की पुढच्या वेळी वेगळे काढायची आठवण आपोआप राहते.

फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात झाकणामागे पंपाचा फिल्टर असतो. मशीन पाणी सोडेनासं झालं की आधी तो उघडा. खाली थाळी आणि फडकं ठेवा, मशीन बंद करून झाकण हळूहळू फिरवा, बाटलीभर पाणी येतं. आत नाणी, पेनाचं टोपण, तंबाखूची पुडी, लोकलच्या तिकिटाचा लगदा आणि एखादी हेअरपिन सापडते. हेअरपिन सोडली तर बहुतेक माल शर्ट-पँटच्या खिशांतला असतो. खिसे तपासायचं काम आजवर धुणाऱ्या बाईचं मानलं गेलं. ते शर्ट घालणाऱ्याचं आहे: खिसा रिकामा केल्याशिवाय कपडा टोपलीत जाणार नाही, एवढा एक नियम करा. फिल्टर महिन्यातून एकदा साफ करावा.

सर्व्हिसची नोंद मशीन चालवणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर करा. बिल नवऱ्याच्या नावावर असलं की काम झाल्याचा ओटीपी त्याच्या ऑफिसात वाजतो, तो मीटिंगमध्ये असतो आणि तंत्रज्ञ दारात खोळंबतो. घरात मशीन दोघं चालवणार असतील तर नोंदणीच्या वेळीच दुसरा नंबर द्या. बहुतेक कंपन्या तो घेतात.