आईला आधी माहेर विचारणारे बेळगावातील समुपदेशन केंद्र

बेळगावातील एका लहानशा समुपदेशन केंद्रात गेल्या चार महिन्यांत आईला घेऊन मी सात वेळा गेले. सीमाभागातील इतर घरांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. वडील गेल्यापासून आईची झोप उडाली होती, जेवण तुटले होते, आणि काही विचारले की "जीव लागंना" एवढेच ती म्हणे. आधी जिथे दाखवले, तिथे मी दुभाषी म्हणून शेजारी बसले होते; आईने यल्लम्माचे नाव काढताच "ते अंधश्रद्धेचे राहू द्या" असे ऐकवण्यात आले आणि तिने तोंड मिटले ते मिटलेच.

या केंद्राच्या नोंदणी अर्जात 'मातृभाषा' आणि 'कोणत्या भाषेत बोलणे सोपे जाईल' असे दोन वेगळे रकाने आहेत. मी दोन्हींत मराठी लिहिले. समुपदेशक बाईंनी मात्र आईलाच माहेर विचारले आणि ते सौंदत्तीकडचे आहे हे कळताच त्या म्हणाल्या, "अव्वा, ह्यांग अदीरी?" (आई, कशा आहात?) आईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि "जीवक्क समाधान इल्ल" (जिवाला समाधान नाही) म्हणून ती बोलू लागली. चाळीस वर्षे खानापूर तालुक्यातल्या मराठी घरात नांदलेल्या आईचे ते कन्नड मी कधी ऐकले नव्हते. आमच्याकडे भाषेचा प्रश्न 1956 पासून धगधगतो आहे आणि मराठीचा आग्रह मीही मनापासून धरते. पण आईने कोणत्या भाषेत रडावे हे मी परस्पर ठरवून टाकले होते.

त्यानंतर मला नम्रपणे बाहेर बसवण्यात आले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, तरी गावाकडच्या बाईबाबत तो पाळताना मी प्रथमच पाहिले.

आत काय झाले ते पुढे आईनेच सांगितले. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, म्हणजे रांडाव पुनवेला, यल्लम्माला वैधव्य येते अशी श्रद्धा आहे; त्या दिवशी आईला आपल्या फोडलेल्या बांगड्या आठवल्या आणि तेव्हापासून छातीतली धडधड वाढली. बाईंनी याला आजारही म्हटले नाही आणि खुळही म्हटले नाही. देवीपाशी तुम्ही काय मागता, एवढेच विचारले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेत 16 प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत समाविष्ट केली. त्रासाला तुम्ही काय म्हणता, त्याचे कारण काय वाटते, आजवर कोणाकडे गेलात, असे प्रश्न त्यात आहेत. बाईंची पद्धत मला त्याच जातीची वाटली.

उणीव एकच, पण मोठी आहे. घरी भरायचा मनःस्थितीचा तक्ता इंग्रजीत छापलेला होता आणि आईला अक्षरओळख नाही. मी तक्रार केल्यावर बाईंनी ती मान्य केली, तरी मराठी वा कन्नड छापील कागद अजून आलेले नाहीत.

ज्यांना शुल्क किंवा प्रवास झेपत नाही, त्यांनी 'टेली मानस'चा 14416 हा क्रमांक लावून पाहावा. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा मोफत असून दिवसरात्र चालते आणि तिथे भाषा निवडता येते.

तक्त्याऐवजी आई आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर झोप लागलेल्या रात्रीला कुंकवाचे बोट लावते. कुंकू ती स्वतःला लावत नाही, पण तिथे लावते. या महिन्यात अकरा ठिपके झाले आहेत.